सहा भोकांचं स्टीअरिंग

अमेरिकेत ज्याला ‘मसल कार’ म्हणतात त्या प्रकाराचं गणित सोपं आहे. मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिला न झेपणारं इंजिन तिच्या पोटात कोंबायचं. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने जीटीओ काढली, तेव्हा तिच्यात आठ सिलिंडरचं, ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. वीस वर्षांनी, १९८४ साली, हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसा काढली आणि हेच गणित उलट बाजूने सोडवलं. बॉडी ब्रिटिश व्हॉक्सॉलची: लांबलचक, रुंद, चार दिव्यांची. आणि आत इंजिन अ‍ॅम्बॅसिडरचं, १४८९ सीसी, अश्वशक्ती पन्नासेक. देह दारासिंगचा आणि दम पोस्टमास्तरचा.

पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, अश्वशक्ती ८८ झाली, पाचवा गियर आला, मागे ‘क्लासिक’ अशी पट्टी लागली आणि गाडी खरोखरच पळायला लागली. २००२ साली ती बंद पडली, म्हणजे कारखान्यात. रस्त्यावर ती त्याआधीही बऱ्याचदा पडायची. पण मधल्या काळात हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी आणि सिनेमाबाहेरच्या पुढाऱ्यांनी तिला असं काही वजन मिळवून दिलं, की पांढरी कॉन्टेसा आली की लोक आधी बाजूला व्हायचे आणि मग कोण उतरतंय ते बघायचे.

आमच्या भाऊजींच्या कॉन्टेसातून भाऊजी उतरतात. हातात भाजीची पिशवी असते.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. राहायला डोंबिवली पूर्वेला. गाडी त्यांनी एका बिल्डरकडून घेतली, बिल्डरने आपल्या सासऱ्यांकडून, त्यापलीकडचा इतिहास आरसी बुकातही नीट वाचता येत नाही. सोसायटीतले पार्किंगचे चौकोन ज्या काळात आखले, तो मारुती ८००चा काळ. ती गाडी ३.३ मीटरची आणि ही ४.६ मीटरची. त्यामुळे कॉन्टेसाचं बूड लिफ्टच्या दारापर्यंत येतं आणि लिफ्टची वाट बघणारे तिच्या डिकीला टेकून उभे राहतात. डिकीचा तेवढाच भाग कायम लखलखीत असतो.

तर या गाडीला स्पोर्ट्‌स स्टीअरिंग बसवायचं असं भाऊजींच्या मनाने घेतलं.

स्टीअरिंगच का, या प्रश्नावर माझा थोडा अभ्यास आहे. गाडीचा रंग बघणार लोक. टायरचा संबंध खड्ड्यांशी. इंजिन बघणार मेकॅनिक, आणि बघून मान हलवणार. मालकाच्या वाट्याला खरोखर येतं ते फक्त स्टीअरिंग. त्यातून मालक कल्याण-शीळ रस्त्यावरचा असेल तर विचारूच नका. मेट्रो १२चे खांब, लग्नाच्या वराती, दुभाजकाच्या फटीतून आडव्या येणाऱ्या रिक्षा, हे सगळं धरून तिथे माणूस गाडी चालवत नाही, गाडीत थांबतो. अमेरिकेतला माणूस स्टीअरिंग बदलतो ते गाडी चपळ वळावी म्हणून. डोंबिवलीतला बदलतो ते गाडी उभी असताना हातात काहीतरी बरं असावं म्हणून. मला तरी दुसरं कारण जास्त पटतं.

याच रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. पद्मिनी कुर्ल्याची, पण नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोबरोबर हातमिळवणी करून प्रीमियरने ‘३०९’ काढली ती इथे. डोंबिवलीत परदेशी गाडी बनते, याचा त्या दोन-तीन वर्षांत इथल्या माणसांना केवढा अभिमान! तोवर आमची निर्यात म्हणजे सकाळच्या लोकलने मुंबईला जाणारी माणसं. मग संप, भांडणं, पैशांची ओढाताण होऊन सगळं बारगळलं आणि प्यूजो निघून गेली. त्याच प्यूजोने २०१७ साली हिंदुस्थान मोटर्सकडून अ‍ॅम्बॅसिडरचं नुसतं नाव ८० कोटींना विकत घेतलं. भाऊजी ट्रॅफिकमध्ये प्रीमियरच्या मैदानापाशी अडकले की ही हकिगत सांगतात. तिथे ते हमखास अडकतात, त्यामुळे आम्हा सर्वांना ती पाठ आहे.

स्टीअरिंग मिळालं ठाण्यात. घोडबंदर रोडवरच्या दुकानात भिंतभर स्टीअरिंग टांगलेली होती: लाकडी, चामडी, खालून चपटी, लाल दोऱ्याने शिवलेली. दुकानदाराने एक काढून हातात दिलं आणि इटालियन कंपनीचं नाव घेतलं. जानपिएरो मोरेत्ती नावाच्या एका रेसवाल्याने साठच्या दशकात स्वतःसाठी जाड कडेचं स्टीअरिंग करून घेतलं, ते इतरांनाही आवडलं, आणि आपल्या आडनावातला ‘मो’ आणि मोन्झाच्या ट्रॅकमधला ‘मो’ जोडून त्याने कंपनी काढली. ही माहिती भाऊजींनी घरी आल्यावर ताईला दिली. ताई म्हणाली, “मोमो? मग चटणी कुठाय?”

खऱ्या इटालियन मालाची किंमत भाऊजींच्या पेन्शनच्या अंगावर येणारी होती. दुकानदाराने ते ओळखून दुसरं काढलं. “सेम आहे काका. फक्त इटलीहून आलेलं नाही.”

“मग कुठून आलंय?”

“तिकडूनच, कल्याणच्या पुढून.”

कल्याणच्या पुढे उल्हासनगर लागतं, आणि ‘मेड इन यूएसए’मधलं यूएसए म्हणजे कोणतं हे या पट्ट्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. भाऊजींनी ते घेतलं. कोणी कितीही नावं ठेवोत, नक्कल करणाऱ्याने एक गोष्ट काटेकोर पाळली होती. मधली सहा भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर, मूळ कंपनीत असतात तशीच.

खरी गंमत इथून पुढे. ही सहा भोकं गाडीच्या दांड्यावर थेट बसत नाहीत. दांड्याच्या टोकाला दाते असतात. त्या दात्यांत बसणारा आणि दुसऱ्या बाजूला सहा भोकं असणारा मधला तुकडा लागतो. त्याला बॉस म्हणतात. प्रत्येक गाडीचे दाते वेगळे, म्हणून बॉस वेगळा. दुकानदाराकडे स्विफ्टचा होता, आय-ट्वेंटीचा होता, थारचा होता. कॉन्टेसाचा? त्याने भाऊजींकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी ऐरावताची नाल मागितली.

“जुनं काढा तर आधी,” तो म्हणाला, “मग बघू.”

जुनं काढायला कल्याणला, मुरबाड रोडच्या एका गॅरेजात. भाऊजींनी फोनवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक अमेरिकन गृहस्थ नट फिरवतात, दोन्ही हातांनी स्टीअरिंग हलकेच ओढतात आणि ते निघतं. उस्तादांनी तो शांतपणे बघितला आणि विचारलं, “इनकी गाडी में पानी नहीं गया होगा?”

भाऊजींच्या गाडीत २००५च्या जुलैमधलं पाणी जाऊन आलेलं आहे. गंज, ग्रीस आणि मागच्या मालकाने कशावर तरी ओतलेलं फेविक्विक यांनी मिळून दांडा आणि स्टीअरिंग यांचं लग्न लावून टाकलं होतं. उस्तादांनी नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. शेवटचे दोन-तीन आटे ठेवले. का, ते मला तेव्हाच कळलं. अडकलेलं स्टीअरिंग सुटतं तेव्हा ओढणाऱ्याच्या दाढेवर सुटतं. आट्यांवर ठेवलेला नट ते तिथेच अडवतो. मग पुलर लावला, तेल सोडलं, चहा मागवला. चहा हा या कामाचा भागच आहे. तेल आत झिरपायला तेवढा वेळ लागतो. चहानंतर पुलरचा स्क्रू आवळून त्याच्या टोकावर हातोड्याचा एकच टोला. खट्‌कन आवाज आला आणि स्टीअरिंग सुटून नटावर थांबलं. काढण्याआधी दांड्यावर आणि स्टीअरिंगवर त्यांनी छिन्नीने एकेक खूण मारली. परत बसवताना पुढची चाकं सरळ आणि स्टीअरिंग वाकडं, असं होऊ नये म्हणून. दात्यांचं गणित क्रूर असतं. समजा छत्तीस दाते असतील, तर एक दाता चुकला की स्टीअरिंग दहा अंश कलतं, आणि दहा अंश कललेल्या स्टीअरिंगमागे बसून माणूस आयुष्यभर मान वाकडी करून गाडी चालवतो. गाडी सरळच जाते. फक्त बघणाऱ्यांना वाटतं, यांना काही पटत नाहीये.

बॉस करायचा तर लेथवाला गाठायचा, आणि लेथवाला गाठायचा तर डोंबिवली एमआयडीसी. तिथल्या केमिकल कंपन्यांचीच नावं पेपरात येतात, बहुतेक वेळा नको त्या कारणाने. पण त्यांच्या आडोशाला पत्र्याखाली दोन लेथ, एक ड्रिल आणि एक वेल्डिंग सेट घेऊन बसलेली माणसं आहेत. त्यांना कुठलीही मोडकी वस्तू दाखवा, ती तशीच्या तशी दुसरी करून देतात. आम्हाला मिळालेले टर्नर साठीचे. चष्मा दोरीने गळ्यात. बोलणं मोजकं, व्हर्नियर लावून केल्यासारखं.

“काय आहे?”

“स्टीअरिंगचा बॉस करायचाय.”

“कुठली गाडी?”

“कॉन्टेसा.”

त्यांनी लेथ बंद केला. “अजून आहे एक?”

भाऊजींनी कागदावर काढलेलं चित्र पुढे केलं. टर्नरनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि बाजूला ठेवलं. “आतले दाते मी कापणार नाही. स्लॉटिंगवर कापता येतील. पण एका नगासाठी टूल घासत बसायचं, आणि उद्या एक दाता सैल निघाला, की मुंब्रा बायपासच्या उतारावर तुम्ही स्टीअरिंग फिरवणार आणि गाडी फिरणार नाही. मग तुम्ही वर आणि मी आत.”

आम्ही दोघंही काही बोललो नाही. हे वाक्य स्टीअरिंगच्या प्रत्येक डब्यावर छापलं पाहिजे, असं माझं प्रामाणिक मत आहे. लोक गाडीला काय काय लावून घेतात! दिवे लावा, पडदे लावा, मागे पंख लावा. फार तर हसं होईल. स्टीअरिंग आणि ब्रेक या दोन जागा अशा, की तिथे हौसेला आधी विचारावं लागतं, येऊ का?

उपाय त्यांनीच सांगितला. कॉन्टेसाचं दुसरं जुनं स्टीअरिंग आणायचं, त्याचा मधला दातेवाला गाभा कापून घ्यायचा, आणि त्यावर आपली चकती बसवायची. कंपनीचे दाते, चकती आपली.

म्हणून कुर्ला. सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे गाड्या नसतात, गाड्यांचे अवयव असतात. दारं एकीकडे, डॅशबोर्ड एकीकडे, आणि कोपऱ्यात आरशांचा ढीग, ज्यात आपण एकाच वेळी अनेक कोनांतून गबाळे दिसतो. कॉन्टेसाचं स्टीअरिंग मिळालं. दुसऱ्या दिवशी टर्नरच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली, तेव्हा एक अडचण ध्यानात आली. भाऊजींच्या स्टीअरिंगची कड तीन ठिकाणी तडकलेली होती, आणि भंगारातलं कोरं करकरीत होतं.

“यातलं कापायचं कुठलं?” टर्नरनी विचारलं.

भाऊजींनी दोन्हीवर हात ठेवला. आपलं इतक्या वर्षांचं. आणि हे देखणं, पण परक्याचं. अखेर आपलं कापलं. तो निर्णय मी त्यांच्या चेहऱ्यावर होताना पाहिला, आणि ताईला त्याबद्दल कधीही सांगितलेलं नाही.

टर्नरचं काम बघत बसण्यासारखं होतं. गाभा चकमध्ये धरून बाहेरून तासला. जाड पोलादी चकतीला मधोमध भोक पाडलं, गाभ्यापेक्षा केसभर कमी. चकती तापवली, भोक फुगलं, गाभा आत बसवला, चकती निवली आणि दोघं एकमेकांत घट्ट झाले. त्यावर गोल फिरवत सबंध वेल्डिंग, ठिपके ठिपके नाही. मग सहा भोकांची आखणी. मला वाटलं आता कोनमापक निघणार. त्यांनी कंपास घेतला, ३५ मिलिमीटर उघडला, ७०चं वर्तुळ काढलं, आणि तोच कंपास न हलवता वर्तुळावर टप्पे टाकत गेले. सहाव्या टप्प्याला पहिल्या खुणेवर परत. सहा भोकांच्या वर्तुळात दोन भोकांमधलं अंतर आणि त्रिज्या एकच असते. ही भूमिती आम्हाला शाळेत होती. तिचा उपयोग होताना पहिल्यांदा बघितला.

पैसे किती, विचारलं. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आम्हाला दुकानदाराची लाज वाटली. आम्ही जास्त द्यायला गेलो तर म्हणाले, “राहू दे. महिन्याने आणून दाखवा. तडा आहे का बघतो.”

स्टीअरिंग बसलं. सुंदर बसलं. आणि गाडीचा हॉर्न वाजायला लागला.

कॉन्टेसाच्या वयाच्या गाड्यांत हॉर्नची एकच तार स्टीअरिंगपर्यंत येते. दुसरी बाजू म्हणजे गाडीचं अंगच. बटण दाबलं की तार अंगाला टेकते आणि आवाज होतो. आमचा नवा बॉस नखशिखांत पोलादी, तार त्याला कायमची टेकलेली. रविवार, दुपारचे अडीच, डोंबिवली. या वेळी या गावात देवळातली घंटासुद्धा हळू वाजवतात. सगळ्या खिडक्या उघडल्या. भाऊजी बॉनेट उघडून बॅटरीची तार काढेपर्यंत सोसायटीच्या चिटणीसांनी वरूनच पुढच्या सभेचा विषय जाहीर केला.

त्यानंतर काही दिवस गाडीला हॉर्नच नव्हता. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ काढायला लावलं, ते हॉर्नचा सोस कमी व्हावा म्हणून. त्या हुकमाला मनापासून मान देणारा कल्याण-डोंबिवलीतला एकमेव वाहनचालक म्हणजे त्या दिवसांतले भाऊजी. मग इलेक्ट्रिशियनने तोडगा काढला. मधे रिले टाकला आणि डॅशबोर्डला घराच्या दारावरच्या बेलचं बटण लावून दिलं. बटणावर चिमुकली घंटा छापलेली आहे. पुढच्या टेम्पोला बाजूला करायचं असलं की भाऊजी ते दाबतात, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, आता टेम्पोतून कोणीतरी “आलो, आलो” म्हणणार.

इंडिकेटरची कथा वेगळी. वळण संपलं की इंडिकेटरची काडी आपोआप परत यायला मूळ स्टीअरिंगच्या गाभ्याखाली एक खुंटी असते. तासताना ती गेली. आता इंडिकेटर एकदा लावला की हाताने काढेपर्यंत लुकलुकत राहतो. भाऊजी घरडा सर्कलपासून शीळफाट्यापर्यंत उजवा इंडिकेटर लावून गेले, आणि कोणाला काहीच वाटलं नाही. फक्त एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन, मान बाहेर काढून, काळजीने विचारलं, “काका, खरंच वळणार आहात का?”

राहता राहिला आकार. जुनं स्टीअरिंग ४० सेंटीमीटरचं, नवं ३५चं. तरफ आखूड झाली की जोर जास्त लागतो. इथे साधारण १४ टक्के. हायवेवर हे जाणवतही नाही. पण या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, वजन बाराशे किलोच्या आसपास, आणि तिला लिफ्ट आणि मीटर रूम यांच्यामध्ये उभ्या जागी वळवून घालायचं म्हणजे १४ टक्के हा आकडा पुस्तकातला राहत नाही, तो खांद्यात येतो. शिवाय छोट्या कडेआड वेगाचा काटा जातो. भाऊजींच्या सीटवरून शून्य ते वीस तेवढं स्वच्छ दिसतं. “शीळ रोडला पुरतं,” ते म्हणाले, आणि यावर वाद घालणारा माणूस मला अजून भेटायचाय.

कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये बजावलंय, की कंपनीने गाडी जशी दिली तशीच ती राहिली पाहिजे. भाऊजींची बाजू अशी: आरसी बुकात इंजिन लिहिलंय, चॅसी लिहिलीय, रंग लिहिलाय, स्टीअरिंग लिहिलेलं नाही. हा युक्तिवाद कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही, घरी मात्र टिकला. २०२१ सालच्या नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. पण त्यासाठीही गाडी मूळ रूपात हवी, आणि पहिल्यावहिल्या कॉन्टेसालासुद्धा पन्नास वर्षं व्हायला २०३४ उजाडणार. तोवर ती नुसतीच जुनी. जुन्या गाडीने पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओच्या दारात उभं राहायचं, पर्यावरण कर भरायचा, आणि साहेबांनी “चालू करा” म्हटलं की पहिल्या किल्लीत चालू व्हायचं. शेवटची अट कायद्यात नाही, पण तिचाच धसका मोठा.

यंदा पासिंग होतं. आदल्या रात्री भाऊजींनी सहा बोल्ट काढले, बॉस उतरवला, बेलचं बटण झाकायला वर गणपती चिकटवला, आणि कुर्ल्याचं ते कोरं स्टीअरिंग दांड्यावरची खूण बघून बसवलं. मी सोबत गेलो होतो. साहेब आत बसले, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून पाहिलं, कडेवरून हात फिरवला आणि चेहरा खुलला.

“वा! ओरिजिनल जपलंय तुम्ही. एक तडा नाही. नाहीतर हल्लीची पोरं काय काय आणून लावतात.”

“पोरांना काय कळतंय, साहेब,” भाऊजी म्हणाले.